पोटातला पट्टा आणि वारज्याची पुरणपोळी

पंगतीत बसून न जेवता जेवल्यासारखं दिसणं ही एक कला आहे, आणि त्या कलेत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या कोथरूडात सापडायचा नाही! मुंजी, बारशी, डोहाळजेवणं, सत्यनारायण, एवढंच काय, आग्रहासाठी बदनाम असलेल्या माझ्या सांगलीच्या मावससासूबाईंची पंगतसुद्धा मी निभावून नेली आहे. कुणाला कधी पत्ता लागला नाही. निदान माझी तरी तशी समजूत होती.

आता ही कला मला शिकावी का लागली, तर अकरा वर्षांपूर्वी माझ्या जठराला पट्टा बसवला म्हणून. गॅस्ट्रिक बँड! जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचं एक कडं आवळतात. त्या कड्यातून एक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीला येऊन मिळते. डबीत सुई टोचून पाणी भरलं की पट्टा घट्ट, काढून घेतलं की सैल. वरच्या चिमुकल्या कप्प्यात चार घास पडले की पोट भरतं आणि माणूस बारीक होतो.

मीही झालो. इतका झालो की सोसायटीत लोक थांबवून विचारायला लागले. आता त्यांना काय सांगायचं, की मला खाणं आवरेना म्हणून डॉक्टरांकडून पोटाला लगाम घालून घेतला? मी सांगितलं, "टेकडी! रोज पहाटे टेकडी, आणि जिभेवर ताबा!" लोकांनी माना डोलावल्या. त्या वर्षीच्या गणपतीत माझं 'आहार आणि संयम' या विषयावर भाषण झालं. नारळ मिळाला. खोबरं अडतं म्हणून तो मी शेजाऱ्यांना दिला, तर त्यालाही लोक संयमच म्हणाले!

पण या पट्ट्याची एक गंमत आहे. त्याला फक्त घट्ट पदार्थ कळतात. भाकरी दिसली की हा आडवा, पोळी दिसली की आडवा, भात तर दारातच ठिय्या देऊन बसतो. श्रीखंड, बासुंदी, आइसक्रीम, मस्तानी यांना मात्र सलाम ठोकून आत सोडतो. माणसाने मग करायचं काय? जे आत जातं ते मी खात गेलो. अकरा वर्षांत गेलेलं सगळं वजन परत आलं आणि येताना आणखी चार नातेवाईक घेऊन आलं. म्हणजे आता अंगाने मी पहिल्यापेक्षा भरदार, आणि भाकरीचा पाव तुकडा घशाखाली उतरत नाही!

डॉक्टर वर्षभर सांगत होते, "पट्टा जागेवरून सरकलाय. रात्री आंबट पाणी घशाशी येतं ना? काढून टाकू आणि बायपास करू. जठराची छोटी पिशवी करायची आणि आतडं सरळ तिला जोडायचं."

"बघू, दिवाळी झाली की," मी म्हणायचो. कुठली दिवाळी ते मी कधी सांगितलं नाही.

अशात आमच्या सोनूने जाहीर केलं की तिला प्रज्ञेशशी लग्न करायचंय. हा तिच्याच कंपनीतला. घर वारज्याला, मूळचे वर्धा जिल्ह्यातले, बौद्ध. वडील कचरूभाऊ जलसंपदा खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त, आई सुंदराबाई निवृत्त मुख्याध्यापिका, थोरली बहीण कल्याणी वकील. मी एका क्षणात होकार दिला! इतक्या झटक्यात दिला, की हेमाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पुढचे पंधरा दिवस मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होतो, की आमच्या घरात जातबित काही मानत नाहीत. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगत होतो.

लग्नाची तारीख ठरवायला वारज्याहून जेवणाचं बोलावणं आलं.

"बाबा," सोनू म्हणाली, "त्यांना तुमच्या बँडचं आधीच सांगून टाकू?"

"काही गरज नाही! अकरा वर्षं पंगती निभावल्यात मी."

"ती सगळी माणसं तुम्हाला ओळखत होती."

"मग यांनाही ओळखू दे की! पण पट्ट्यापासून कशाला सुरुवात?" मी म्हणालो. हेमाने नुसतं "बरं" म्हटलं. आमच्या घरात तिचं "बरं" म्हणजे पुढच्या अनर्थाची पोच असते, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं.

वारज्याला आमचं स्वागत फार थाटात झालं. जेवणाचा घमघमाट जिन्यातच भेटला! पाटवडीचा रस्सा, भरली वांगी, ज्वारीची भाकरी, वडे, भात आणि पुरणपोळी. पोळीशेजारी तुपाची वाटी, वाटी कसली, छोटं पातेलंच ते! आम्हाला चालतं की नाही म्हणून बिचाऱ्यांनी लसूणही घातला नव्हता. खरं तर मला लसूण जीव की प्राण, पण ते सांगायचं राहून गेलं.

माझी युक्ती ठरलेली असते. भाकरीचे तुकडे करून ताटभर पसरायचे. भाताचा ढीग बोटांनी सपाट करायचा. तोंडाने अखंड बोलत राहायचं, म्हणजे लोक तोंडाकडे बघतात, ताटाकडे नाही. 'हेमा, तुला आवडतात ना वडे,' करून वडे तिकडे ढकलायचे. आणि फारच अडचण आली तर मांडीवर रुमाल.

पण सुंदराबाई सदतीस वर्षं शाळेत होत्या. मागच्या बाकावरचा मुलगा काय करतो हे त्यांना पाठमोरं उभं राहूनही दिसत असणार. त्या नेमक्या माझ्यासमोर वाढायला उभ्या राहिल्या!

"घ्या ना भाऊ. लाजू नका."

मी घाईत भाकरीचा घास रश्श्यात बुडवून गिळला आणि तो अडला. आता ज्याच्या पोटात पट्टा नाही त्याला हे समजायचं नाही. छातीच्या मधोमध खुंटी ठोकल्यासारखं होतं. तोंडाला पाण्याच्या धारा लागतात. त्या गिळता येत नाहीत, थुंकता येत नाहीत, आणि तोंड तर मुळीच उघडता येत नाही.

नेमकं तेव्हाच कचरूभाऊंनी विचारलं, "मग सुदर्शनराव, डिसेंबरचा शेवटचा रविवार ठेवायचा काय? आमच्यात मुहूर्त नसतो. हॉल रिकामा असला की झालं."

मी ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडे पाहिलं.

"डिसेंबर नको?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही सांगता येणार नाही.

"जानेवारी?"

मी हात वर केला.

"नको," कचरूभाऊ स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

सोनूचा चेहरा उतरला. हेमा घाईने म्हणाली, "नाही नाही, त्यांना चालेल." यावर कचरूभाऊ फक्त "हं" म्हणाले. तेवढ्यात सुंदराबाईंनी माझ्या ताटात अख्खी पुरणपोळी टाकली आणि त्या तूप आणायला वळल्या. मी विजेच्या वेगाने ती पोळी रुमालात घेतली, रुमाल सदऱ्याच्या खिशात कोंबला, भरल्या ताटावरून उठलो आणि नळाकडे धावलो. घास एकदाचा सुटला. पण त्याच क्षणी उमगलं, की खिशातलं पुरण सदऱ्यावर नकाशा काढतंय! त्या परत यायच्या आत निघणं भाग होतं.

"अचानक एक काम निघालं," मी म्हणालो. रविवारी दुपारी, निवृत्तीला वर्ष राहिलेल्या माणसाला!

"पण जेवण?" सुंदराबाई तुपाचं पातेलं हातात घेऊन उभ्या होत्या.

"झालं की! भरपूर!" मी म्हणालो. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. भाकरीचे सगळे तुकडे तिथेच होते, नुसते पांगलेले.

सोनू तिथेच थांबली. आम्ही दोघं निघालो. गाडीत बसल्यावर भूक अशी कडाडली म्हणून सांगू! सकाळपासून पोटात काही नव्हतं. चौकातच आइसक्रीमचं दुकान दिसलं.

"अहो, आत्ता नको," हेमा म्हणाली.

"दोन मिनिटं! नाहीतर चक्कर येईल मला."

पहिली आंबा मस्तानी कुठे गेली कळलंच नाही. दुसरीवरचा आइसक्रीमचा गोळा अर्धा संपवला, आणि मागून आवाज आला.

"काका?"

कल्याणी! हातात आइसक्रीमचा मोठा डबा. आम्ही पुरणपोळीपर्यंत पोचलो होतो तेव्हाच तिला पाहुण्यांसाठी आइसक्रीम आणायला पिटाळलं होतं, आणि त्या गडबडीत मी ते विसरलोच होतो.

"तुमच्यासाठीच घेत होते," ती म्हणाली. मग तिने माझ्या हातातला ग्लास पाहिला, टेबलावरचा रिकामा ग्लास पाहिला. "काम झालं वाटतं?"

"शुगर!" मी ओरडलो. "शुगर एकदम खाली गेली!"

"हो ना. घरी साखर नसती मिळाली तुम्हाला," ती म्हणाली. डबा तिने काउंटरवर परत ठेवला आणि दुकानदाराला सांगितलं, "राहू द्या. आता लागणार नाही."

संध्याकाळी सोनू घरी आली. चपलाही न काढता तिने माझ्यासमोर टेबलावर काहीतरी ठेवलं. माझा रुमाल! घाईत खिशातून निसटून त्यांच्या चपलांच्या कपाटापाशी पडलेला. धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडी घातलेला.

"प्रज्ञेशच्या आईने दिलाय. म्हणाल्या, बाबांना सांग, पोळी नको होती तर तसं म्हणायचं. लपवून कशाला न्यायची?"

मी हसायचा प्रयत्न केला. कुणीच साथ दिली नाही.

"बाबा, त्यांना काय वाटलं कळतंय का तुम्हाला? एवढा धिप्पाड माणूस त्यांच्या घरी एक घास खातो, तारखेला नको म्हणतो, पोळी रुमालात बांधून बाहेर नेतो, आणि कोपऱ्यावर जाऊन दोन मस्तान्या पितो! का? त्यांच्या घरचं चालत नाही म्हणून!"

मी ताडकन उठलो. "मी? मी जात मानतो? अख्ख्या सोसायटीला विचार!"

"सोसायटी नव्हती ना तिथे! त्यांनी जे पाहिलं ते पाहिलं. प्रज्ञेशचे बाबा म्हणाले, तारखेची घाई नको. आधी तुझ्या वडिलांच्या मनातलं नीट कळू दे."

"मग सांगा ना सरळ, पोटात पट्टा आहे म्हणून," हेमा म्हणाली.

"हे बघ, एकदा बाहेर फुटलं की…"

"बाबा!" सोनूचा आवाज फाटला. "लोकांनी तुम्हाला जातीयवादी म्हटलेलं चालेल, पण जाडा म्हटलेलं चालत नाही!"

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी त्या घडीच्या रुमालाकडे बघत बसलो. पोरीचं लग्न माझ्या एका घासावर अडलं होतं, हे खरं होतं. पण खरं सांगायचं तर त्याही वेळी माझ्या डोक्यात एकच विचार होता, की पट्ट्याचं न सांगता यातून सुटायचं कसं. आणि मग मला ती अफलातून कल्पना सुचली!

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांसमोर बसलो होतो. "पट्ट्यातलं पाणी काढून टाका. सगळं!"

"काढतो," डॉक्टर म्हणाले. "पण पट्टा सरकलेला आहे हे विसरू नका. सैल झाला म्हणून सुटला असं नाही. आठवडाभर पातळच घ्यायचं, मग तपासणी करून ऑपरेशनचं ठरवू. जड जेवण अजिबात नको."

मला त्यातलं 'काढतो' एवढंच ऐकू आलं. त्यांनी डबीत सुई टोचली, पाणी ओढून घेतलं, आणि त्या रात्री मी अर्धी भाकरी खाल्ली. गेली! सरळ खाली गेली! अकरा वर्षांनी भाकरी आणि मी एकमेकांना भेटत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हेमाने विचारलं काय झालं, तर मी म्हणालो ठेचा तिखट आहे.

लगेच कचरूभाऊंना फोन लावला. "नमस्कार! म्हटलं, येत्या रविवारी जेवायला यावं."

"कुणी?"

"मी."

"जेवायला?"

"हो!"

"या," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तर पुन्हा वारजे. पुन्हा तेच टेबल, आम्ही तिघं, ते चौघं. पण या वेळी घमघमाट असूनही घर गप्प होतं. सुंदराबाईंनी माझं ताट वाढलं. एक चतकोर भाकरी, दोन चमचे भाजी, पोळीचा अर्धा तुकडा, तूप तर थेंबभर. वर म्हणाल्या, "जेवढं चालते तेवढंच घ्या. आमचा आग्रह नाही."

विदर्भातल्या माणसाने आग्रह नाही म्हणणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. मागच्या वेळी त्या समोर उभं राहून भरभरून वाढत होत्या, तो त्यांचा लोभ होता. आता नुसता शिष्टाचार उरला होता.

मी चतकोर संपवला. "वाढा!"

त्यांनी दचकून पाहिलं. अर्धी भाकरी वाढली. तीही संपली.

"वांगं आणखी! रस्सा! आणि लसूण का घालत नाही तुम्ही? घालत जा!"

कल्याणीच्या भुवया वर गेल्या. सुंदराबाई स्वयंपाकघरातून ठेच्याची वाटी घेऊन आल्या. "लसणाचाच आहे. चालेल?"

"चालेल? पळेल!" मी म्हणालो. खूप दिवसांनी बंद पडलेला पंखा हळूहळू फिरायला लागावा तसं ते घर फिरायला लागलं. प्रज्ञेश हसला. सोनूने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. सुंदराबाईंचा आवाज चढला. "घ्या ना जी! पोळी घ्या! अशी नाही, तुपात बुडवून! काऊन, एवढ्यानं काय होते?" आग्रह परत आला होता! मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. कचरूभाऊंनी धरणांच्या गोष्टी काढल्या, मग मिशीतून हसत म्हणाले, "तर मग सुदर्शनराव, डिसेंबर?"

"डिसेंबर!" मी तिसरी पोळी उचलत म्हणालो. "शेवटचा रविवार! पक्कं!"

आणि तिसरी पोळी गेलीच नाही.

तिच्यामागोमाग दुसरीलाही काही आठवलं. मग पहिलीला. मी उठलो, पण न्हाणीघरापर्यंत पोचायला वेळ नव्हता. जेवणाच्या टेबलाजवळच बेसिन होतं. पुढचं सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो की बाकी सहाही जणांना सगळं ऐकू गेलं आणि चौघांना दिसलंही.

मी तोंड धुऊन वळलो तेव्हा सुंदराबाईंनी माझं ताट उचललं होतं.

"काका," कल्याणी हळू आवाजात म्हणाली, "इतका जुलूम करायची गरज नव्हती स्वतःवर. आम्ही समजलो असतो."

"नाही, तसं नाही… ते ऊन फार होतं, त्यामुळे पित्त…" मी सुरुवात केली. होय, अजूनही! पोरीचं लग्न समोर बुडत होतं आणि मी पित्त शोधत होतो. सोनूने चेहरा ओंजळीत झाकला.

तेव्हा हेमा उठली. "पित्त नाही, काही नाही. यांच्या जठराला अकरा वर्षांपासून पट्टा बांधलाय. वजनासाठी! घट्ट काही उतरत नाही. मागच्या वेळी उतरलं नाही म्हणून पोळी लपवली, तोंड उघडता येईना म्हणून तारखेला मान हलवली, भूक लागली म्हणून मस्तानी प्यायले. आज तुमचा गैरसमज दूर करायला पट्टा सैल करून आले आणि जड जेवले, डॉक्टर नको म्हणत असताना. आणि हे सगळं तोंडाने न सांगता करत होते, कारण लोक जाडा म्हणतील! बास. आता काय ते तुम्ही ठरवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पोटाला पट्टा?" कल्याणी म्हणाली. "काही पुरावा?"

वकिलीण ती! मग मी व्याह्यांच्या दिवाणखान्यात, भर दुपारी, होणाऱ्या जावयासमोर सदरा वर केला. बरगडीखाली ती डबी कातडीतून उठून दिसते. सुंदराबाई पुढे आल्या, त्यांनी चष्मा नीट केला आणि बोटाने टोचून पाहिलं.

"हे काय बाप्पा! बटणच आहे की हो इथं!"

"हे बांधता कशासाठी?" कचरूभाऊंनी विचारलं.

"भूक कमी लागावी म्हणून."

ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "माझी माय बांधायची. लुगड्याचा काठ, पोटाला गच्च. आम्हा पोरांना भाकर पुरावी म्हणून, आपली भूक मारायला." मग माझ्या पोटाकडे बघत ते म्हणाले, "तुम्ही पैसे देऊन बांधून घेतला!"

आणि ते हसायला लागले. असे हसले, की टेबलाला धरावं लागलं. प्रज्ञेश हसला, कल्याणीही हसली. सदरा वर धरून मी तसाच उभा होतो आणि मला हसावं की रडावं ते कळेना.

"माझं चुकलं," मी म्हणालो. खरंच म्हणालो. "मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्हाला राग येणं साहजिकच होतं."

"राग नव्हता आला जी," सुंदराबाई सदरा खाली करत म्हणाल्या, जसा शाळेत एखाद्या पोराचा नीट करतात तसा. "सवय आहे आम्हाला."

अडलेल्या घासाने छातीत खुंटी बसते असं मी मघाशी म्हणालो ना, ते काहीच नव्हे. अकरा वर्षं मी लोक काय म्हणतील म्हणून पोट लपवत होतो, आणि या बाईंनी जन्मभर किती भरलेली ताटं तशीच उचलली असतील! त्यात एक माझं. मी, ज्याने संयमावर नारळ मिळवलाय!

वातावरण हलकं केलं ते कचरूभाऊंनी. त्यांनी डॉक्टरांचं म्हणणं सविस्तर विचारून घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर माझं जठर काढलं. "हा तुमचा बंधारा. वरून गाळ साचला, दरवाजा सरकला. आता याची डागडुजी करण्यात काही अर्थ नाही. बंधारा पाडायचा आणि बाजूने कालवा काढायचा! बरोबर सांगते तुमचा डॉक्टर." वर्षभर जे मला डॉक्टरांकडून समजलं नव्हतं ते पाटबंधारे खात्याकडून पाच मिनिटांत समजलं.

"आणि ऐका," ते पेन खिशाला लावत म्हणाले. "आधी ऑपरेशन. मग रविवार शोधू. लग्नात मुलीचा बाप बेसिनपाशी उभा राहिलेला आम्हाला चालणार नाही."

सोनू माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "दिवाळीच्या…"

"आधी!" दोन्ही घरं एका सुरात ओरडली. लग्नापूर्वीच त्यांच्यात एवढी एकवाक्यता बघून मला भरून आलं.

तर झालं ऑपरेशन. पट्टा गेला, डबी गेली, बायपास झाला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बजावलं, "आता फक्त पातळ, गाळलेलं, आणि चमच्याचमच्याने. पोट भरल्यासारखं वाटलं की थांबायचं. मुळीच आग्रह करायचा नाही." सुंदराबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्नही विचारले. डॉक्टर जाताना मला म्हणाले, अशी समजूतदार नातेवाईक मंडळी फार कमी पेशंटना मिळतात.

डॉक्टर गेल्यावर सुंदराबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. पहाटे उठून शिजवलेल्या वरणाचं पाणी, तीनदा फडक्यातून गाळलेलं. पलंगाशेजारी बसून त्यांनी चमचा पुढे केला. मी प्यायलो. दुसरा प्यायलो. फार छान होतं. तिसऱ्याला पोट गच्च झालं, म्हणून मी हात आडवा केला आणि समाधानाने डोळे मिटले.

मी डोळे उघडले. चमचा हवेतच होता. सुंदराबाई वाटीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"काऊन जी? आवडलं नाही काय?"

हेमा खिडकीबाहेर बघायला लागली. सोनूने श्वास रोखून धरला. डिसेंबरचा शेवटचा रविवार नक्की व्हायचा होता.

मी तोंड उघडलं.